‘कोर्पो’ हा शब्द कुणाचा?

एस्पेरांतो ही सगळ्या जगाला सामाईक भाषा असावी म्हणून मुद्दाम रचलेली भाषा. तिच्यात शरीराला ‘कोर्पो’ म्हणतात. ‘कोर्प’ हा धातू आणि पुढचा ‘ओ’ हा नामाचा प्रत्यय. या भाषेतलं प्रत्येक नाम असंच ‘ओ’ने संपतं. इटालियन माणसाला हा शब्द शिकवावाच लागत नाही, त्याच्या भाषेत शरीर म्हणजे ‘कोर्पो’च. पोर्तुगिजांचंही तसंच. स्पॅनिशमध्ये ‘क्वेर्पो’, रुमानियनमध्ये ‘कोर्प’, जर्मनमध्ये ‘क्योर्पर’, फ्रेंचमध्ये लिहिताना शेवटी दोन अक्षरं जास्तीची आणि बोलताना नुसतं ‘कोर’. या सगळ्यांच्या मागे लॅटिनचा ‘कोर्पुस’ उभा आहे. चिनी माणूस मात्र शरीराला ‘शन्ती’ म्हणतो, जपानी ‘कारादा’, हंगेरियन ‘तेश्त’, स्वाहिली बोलणारा ‘म्विली’. आपल्याकडे शरीर, देह, अंग, काया असे चार शब्द हाताशी आहेत, पण ‘कोर्पो’ आपल्यापैकी कुणालाच आयता मिळत नाही.

शरीर ही अशी गोष्ट आहे की ती नसलेला माणूस नाही. जी भाषा स्वतःला सगळ्या जगाची म्हणवते तिने निदान या शब्दासाठी तरी एका खंडाच्या दारात जाऊ नये, असं वाटणं स्वाभाविक आहे. मी एस्पेरांतो शिकले, वापरते, या भाषेवर माझा जीव आहे. तरीही, किंवा म्हणूनच, हा आक्षेप कुणी घेतला की मला तो झटकून टाकता येत नाही. एस्पेरांतोची बाजू घेणारे बरेच जण तो झटकतात. त्यांची उत्तरं मला पटत नाहीत आणि आक्षेप घेणाऱ्यांचा निष्कर्षही पटत नाही.

आधी आक्षेप नीट मांडते. एस्पेरांतोचे निर्माते ल्युडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सातून आपलं पहिलं पुस्तक छापलं, ‘डॉक्टर एस्पेरांतो’ म्हणजे ‘आशा धरणारा डॉक्टर’ या टोपणनावाने. त्यात सुमारे ९०० धातू होते. पुढे त्यांनी धातूंचा मोठा कोश केला. त्यात प्रत्येक धातूचा अर्थ पाच भाषांत दिलेला आहे: फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश. १९०५ साली हा कोश भाषेच्या पायाभूत ग्रंथात गेला आणि तिथे तो आजही आहे. त्या पाच रकान्यांकडे पाहिलं की हे काम कुणाला समोर ठेवून झालं ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यातही रशियन ‘त्येलो’ आणि पोलिश ‘च्यावो’ बाजूला राहिले आणि लॅटिन घराण्याचा शब्द निवडला गेला. म्हणजे झामेनहोफ आजच्या पोलंडमधल्या ज्या बियालिस्तोक शहरात वाढले तिथल्या रस्त्यावर रोज कानावर पडणाऱ्या स्लाव्ह भाषांनाही ‘शरीर’ या शब्दावर हक्क मिळाला नाही. मिळाला तो युरोपच्या शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या जुन्या, प्रतिष्ठित भाषेला. जी भाषा कुणाची मातृभाषा नाही ती सर्वांपासून सारख्या अंतरावर असते, हे विधान इथे कोसळतं. लिस्बनहून ‘कोर्पो’कडे यायला एक पाऊल पुरतं. नैरोबीहून किंवा ओसाकाहून यायचं तर समुद्र ओलांडावा लागतो.

हा आक्षेप खरा आहे. त्याला ‘पण’ जोडण्याआधी तो खरा आहे असं म्हणून थोडं थांबायला हवं.

आपल्यासारख्या वाचकाला इथे एक मोह पडतो. मलाही पडला होता. ‘कोर्पुस’ची मुळं शोधत मागे गेलं तर वैदिक संस्कृतात ‘कृप्’ नावाचा शब्द भेटतो. तो बहुतेकदा तृतीयेच्या रूपात येतो आणि त्याचा अर्थ रूप, आकृती, शोभा. दयेच्या अर्थाची ‘कृपा’ निराळी, तिची याच्याशी गल्लत करू नये. अवेस्ताच्या भाषेत याच ‘कृप्’चं भावंड शरीर या अर्थाने येतं. जुन्या इंग्रजीत पोटाला म्हणायचा शब्द याच कुळातला, आणि आजच्या ‘मिडरिफ’च्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या भागाच्या नावाच्या, शेपटीत तो उरला आहे. एकदा हे कळलं की हुरूप येतो आणि एस्पेरांतोतले इतर अवयव आपण मोजू लागतो. ‘देन्तो’ म्हणजे दात, आपला दंत. ‘गेनुओ’ म्हणजे गुडघा, आपला जानु. ‘ओस्तो’ म्हणजे हाड, आपली अस्थी. ‘पिएदो’ म्हणजे पाऊल, आपलं पद. ‘नाझो’ म्हणजे नाक, नासिका. ‘ब्रोवो’ म्हणजे भुवई, भ्रू. डोक्यापासून नखापर्यंत उतरत गेलं तर अर्धं शरीर ओळखीचं निघतं. वहीत दोन रकाने करून मी ही यादी लिहिली होती आणि काही दिवस ती प्रत्येकाला दाखवत होते. तात्पर्य हे, की बघा, ही भाषा परकी नाहीच.

मग मी ती यादी दाखवणं बंद केलं. एक तर ‘कृप्’ कोणत्याही मराठी माणसाच्या तोंडी नाही. हजारो वर्षांपूर्वी दोन शब्द एका घरात जन्मले होते म्हणून आज एक शिकणं दुसऱ्याला सोपं जात नाही. पाठ करताना मला ‘कोर्पो’ तितकाच नवा होता जितका तो कुणा कोरियन मुलीला असेल. पण खरी अडचण याहून मोठी आहे. ही यादी तामिळ माणसाला काय देते? चिनी, अरबी, हौसा, तुर्की माणसाला काय देते? ‘यात आमचाही वाटा आहे’ असं म्हणून मी समाधान मानलं तर त्याचा अर्थ एवढाच होतो, की मालकांची यादी थोडी लांबली आणि तिच्यात माझं नाव आलं. बाहेर राहिलेले बाहेरच राहिले. नातं सांगून तटस्थता सिद्ध होत नाही. वंशावळीचा पुरावा ज्या खटल्यात चालतो तो खटला माझ्या मते मुळातच चुकीचा उभा केलेला असतो.

मग शरीराला दुसरं काय म्हणता आलं असतं? हा प्रश्न हवेतला नाही. तो अनेकांनी प्रत्यक्ष सोडवून पाहिला आहे आणि प्रत्येकाने त्याची किंमत मोजली आहे.

एस्पेरांतोच्या आधी, १८७९–८० च्या सुमारास, योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूंनी वोलाप्युक रचली. शब्द त्यांनी मुख्यतः इंग्रजी आणि जर्मनमधून घेतले, पण इतके तासले की मूळ भाषकालाही ते ओळखू येईनात. त्या भाषेच्या नावातला ‘वोल’ म्हणजे इंग्रजीतलं जग आणि ‘प्युक’ म्हणजे इंग्रजीतलं बोलणं. ‘र’ हा ध्वनी चिन्यांना आणि इतर काहींना जड जातो म्हणून त्यांनी तो शक्य तितका टाळला. युरोपाबाहेरच्या जिभेचा विचार त्या काळात कुणीतरी केला होता, ही गोष्ट मला मोलाची वाटते. पण फळ असं मिळालं की युरोपीय माणसाची ओळख गेली आणि इतरांना नवी ओळख काही मिळाली नाही.

दुसऱ्या टोकाला इटालियन गणिती ज्युसेप्पे पेआनो. १९०३ साली त्यांनी लॅटिनच घेतली, तिची विभक्तीची रूपं काढून टाकली आणि पंचमीच्या रूपावरून शरीराला ‘कोर्पोरे’ म्हटलं. पुढे इंटरलिंग्वा या आणखी एका रचलेल्या भाषेनेही ‘कोर्पोरे’च स्वीकारला. तिच्यामागची कथा मोठी आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला एक संस्था निघाली, तिने पाव शतक संशोधन केलं आणि १९५१ मध्ये सुमारे २७,००० शब्दांचा कोश काढला. पद्धत अशी, की इटालियन, फ्रेंच, इंग्रजी आणि स्पॅनिश-पोर्तुगीज यांच्यात सामाईक काय आहे ते पाहायचं, गरज पडल्यास जर्मन आणि रशियनकडे वळायचं, आणि त्या सगळ्या रूपांचा जवळचा सामाईक पूर्वज शोधून तो शब्द म्हणून वापरायचा. शरीराच्या बाबतीत त्या भाषांत ‘कॉर्पोरल’, ‘इन्कॉर्पोरेट’ अशी साधित रूपं आहेत आणि त्यांत ‘पोर’ हे अक्षर जिवंत आहे. म्हणून पूर्वज ठरला ‘कोर्पोरे’. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच यांतलं कुणीही घरी ‘कोर्पोरे’ म्हणत नाही, पण त्यांतल्या कुणालाही तो वाचून कळतो. शास्त्र म्हणून हे काम देखणं आहे आणि त्याचा उपयोगही झाला. १९५४ साली वॉशिंग्टनला दुसरी जागतिक हृदयरोग परिषद भरली, तेव्हा तिथल्या निबंधांचे सारांश इंटरलिंग्वात दिले गेले. ज्याला एखादी लॅटिन भाषा येते अशा डॉक्टरला ते न शिकता वाचता आले.

पण ‘न शिकता’ हे कुणासाठी? ज्याच्याकडे आधीच त्या भाषांचा वारसा आहे त्याच्यासाठी. इंटरलिंग्वा म्हणते की सामाईक भाषा नव्याने बनवायची नाही, ती पश्चिमेच्या शब्दसंग्रहात आहेच, फक्त उघडी करायची आहे. बाहेरच्या माणसाला तिथे उघडं होण्यासारखं काही नसतं. त्याला ‘कोर्पोरे’ही पाठ करावा लागतो आणि त्यातून कोणता साधित शब्द कसा निघतो ते दर खेपेला कोशात पाहावं लागतं.

तिसरी वाट लोज्बानची. १९८७ साली निघालेल्या या भाषेत धातू ठरवायला गणिती पद्धत वापरली गेली. चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांतले शब्द समोर ठेवायचे, बोलणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे त्यांना वजन द्यायचं आणि ज्यात सर्वाधिक ध्वनी जुळतील असं रूप काढायचं. शरीराला तिथे ‘ख़ाद्नी’ म्हणतात. कान देऊन ऐकलं तर आतून ‘बदन’ कुठेतरी डोकावल्यासारखा वाटतो. हिशेब अगदी न्याय्य आहे. पण ‘ख़ाद्नी’ ऐकून दिल्लीचा माणूस आपलं शरीर ओळखत नाही, बीजिंगचा ओळखत नाही आणि माद्रिदचाही नाही. सगळ्यांना सारखा वाटा मिळाला, पण तो इतका बारीक की कुणाच्याच हाती काही लागलं नाही.

आणखी एक आहे, आणि ती मला मनापासून आवडते. कॅनडाच्या सोन्या लँग यांनी २००१ साली मांडलेल्या टोकी पोनात शब्दच जेमतेम सव्वाशे. शरीराला तिथे ‘सियेलो’. हा शब्द क्रोएशियन ‘तियेलो’वरून आला. पण टोकी पोनात ‘ति’ हा जोड चालत नाही, म्हणून ‘त’चा ‘स’ झाला. हात म्हणजे ‘लुका’, डोकं म्हणजे ‘लावा’, पाय म्हणजे ‘नोका’, सगळे स्लाव्ह घराण्यातले. जोडाक्षर नाही, कठीण ध्वनी नाही. जवळपास कुणाचीही जीभ हे उच्चार करू शकते. एका छोट्या भाषेचा शब्द घेतल्याने जगावर कुणाचं वर्चस्व आलं, असं इथे कुणाच्या मनातही येत नाही.

आणि तिथेच मला माझ्या प्रश्नाचं टोक सापडलं. क्रोएशियनमधून ‘सियेलो’ घेतला तर खटकत नाही आणि लॅटिनमधून ‘कोर्पो’ घेतला तर खटकतो. यात शब्दाच्या उगमाचा भाग थोडा, त्या उगमामागच्या सत्तेचा भाग फार मोठा. लॅटिनच्या वंशजांनी जगावर राज्य केलं, आपल्या भाषा लादल्या, आणि आजही त्या येणाऱ्याला नोकरी, शिक्षण, प्रवास सगळं सोपं जातं. ‘कोर्पो’ ऐकून दुखतं ते या इतिहासामुळे. ते दुखणं खरं आहे. पण मग विचारायचं ते हे, की एस्पेरांतोत आलेल्या ‘कोर्पो’बरोबर ती सत्ताही आली का? इटालियन माणसाला माझ्यावर त्या शब्दामुळे काय अधिकार मिळतो?

माझं उत्तर असं: शिकायला त्याला कमी वेळ लागतो, आणि हा त्याचा खराखुरा फायदा आहे. पण शिकून झाल्यावर त्याचा अधिकार संपतो. इंग्रजीत मी कितीही वर्षं घालवली तरी जन्माने इंग्रजी बोलणारा ‘आम्ही असं म्हणत नाही’ एवढंच म्हणून मला गप्प करू शकतो. त्याला नियम सांगावा लागत नाही, तो स्वतःच नियम असतो. एस्पेरांतोत असं म्हणणारं कुणी नाही. पहिल्याच पुस्तकात झामेनहोफ यांनी भाषेवरचा आपला हक्क सोडून दिला. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेरच्या पहिल्या अधिवेशनात जाहीरनामा झाला, की या भाषेचा कुणी स्वामी नाही आणि बंधन आहे ते फक्त पायाभूत ग्रंथाचं. तो ग्रंथ जेवढा रोमच्या माणसाचा तेवढाच माझा. रोमच्या माणसाने सवयीने चुकीचं रूप वापरलं तर मी त्याला दुरुस्त करू शकते, आणि त्याला ते ऐकावं लागतं.

हे पुस्तकी वाटेल म्हणून एक प्रसंग सांगते. एका जपानी शिकाऊ गृहस्थांशी मी एस्पेरांतोत बोलत होते, पडद्यावर समोरासमोर. दोघंही नवे. त्यांच्या तोंडी ‘कोर्पो’चा ‘कोरुपो’ होत होता, कारण त्यांच्या भाषेत ‘र्प’सारखं जोडाक्षर नाही. माझ्या तोंडी दुसऱ्याच चुका होत होत्या. मला सांगायचं होतं की आमच्याकडे नकार देताना मान वेगळ्या रीतीने हलवतात, आणि हावभावाला शब्द आठवेना. मी अडखळले आणि म्हणाले, ‘कोर्पोलिंग्वो’. ‘कोर्पो’ शरीर, ‘लिंग्वो’ भाषा. त्यांनी लगेच मान डोलावली आणि पुढच्या वाक्यात तोच शब्द वापरला. तो शब्द मी कुठे वाचला नव्हता. नंतर पाहिलं तर इतरही तो वापरतात, पण त्या क्षणी तो आम्हा दोघांचा होता. लॅटिनशी ना त्यांचा संबंध ना माझा, आणि लॅटिनच्या दोन धातूंचा शब्द जुळवायला आम्हाला कुणाची परवानगी लागली नाही.

‘कोर्पो’ला शेवटी ‘आ’ लावा, ‘कोर्पा’ म्हणजे शारीरिक. ‘ए’ लावा, ‘कोर्पे’ म्हणजे शरीराने. ‘सेन’ म्हणजे विना, म्हणून ‘सेनकोर्पा’ म्हणजे अशरीरी. ‘एन’ म्हणजे आत आणि ‘इगी’ म्हणजे करणं, म्हणून ‘एनकोर्पीगी’ म्हणजे मूर्त रूप देणं. अंगरक्षक म्हणजे ‘कोर्पोगार्दिस्तो’. यातला एकही शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. इंग्रजीत हाच प्रवास करून पाहा. शरीर ‘बॉडी’, शारीरिक ‘फिजिकल’, शरीरधारी ‘कॉर्पोरियल’, मृत शरीर ‘कॉर्प्स’, वैद्यकात ‘सोमॅटिक’. एकाच वस्तूसाठी जर्मानिक, लॅटिन आणि ग्रीक असे तीन पेटारे उघडावे लागतात. ज्याच्या शाळेत हे तिन्ही पेटारे होते तो सुशिक्षित, नव्हते तो अडाणी, अशी ती उतरंड आहे.

आजारपणाचे शब्द तर मला फारच बोलके वाटतात. ‘साना’ म्हणजे निरोगी. ‘माल’ हा उलट अर्थ देणारा उपसर्ग, म्हणून ‘मालसाना’ आजारी. त्याला व्यक्तीचा प्रत्यय ‘उल’ लावला की ‘मालसानुलो’ म्हणजे रुग्ण. जागेचा ‘एय’ लावला की ‘मालसानुलेयो’ म्हणजे रुग्णालय. आपला ‘रुग्णालय’ही असाच जोडून बनला आहे, त्यामुळे मराठी माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. ‘हॉस्पिटल’च्या पोटात मात्र रुग्ण कुठे दिसत नाही. डोळा ‘ओकुलो’, डोळ्यांचा डॉक्टर ‘ओकुलिस्तो’. दात ‘देन्तो’, दातांचा डॉक्टर ‘देन्तिस्तो’. झामेनहोफ स्वतः ओकुलिस्तो होते. वॉर्सातल्या गरीब ज्यू वस्तीत त्यांचा दवाखाना होता. दुखणं सांगणाऱ्याला नेमका शब्द सापडला पाहिजे हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ‘कीए दोलोरास?’ म्हणजे कुठे दुखतं? या दोन शब्दांच्या प्रश्नाला अवयवाचं नाव घेऊन उत्तर देता आलं, तर भाषेने निम्मं काम केलं.

धातू परका असला तरी रीत आपली होऊ शकते, आणि माझं सगळं म्हणणं इथे येऊन टेकतं. शब्द कुठून आला हा इतिहास झाला. शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी मला त्या शब्दाचं काय करता येतं, हा न्याय. जागतिक भाषेची तटस्थता मोजायची तर ती या दुसऱ्या मापाने मोजावी. ‘कोर्पो’ शिकताना मी लॅटिनला एक धातूचं देणं देते. ‘कोर्पोरे’ शिकताना धातू देते आणि वर प्रत्येक साधित शब्दामागे हप्ते भरत राहते. ‘ख़ाद्नी’ शिकताना कुणालाच देणं लागत नाही, पण कुणाचाच हातही धरता येत नाही. पहिलं देणं मला परवडतं, कारण ते एकदाच फिटतं.

या मापाचा दुसरा कोपरा एस्पेरांतोलाच टोचतो, आणि तिथेही मी माप बदलणार नाही. एस्पेरांतोत पुरुष ‘विरो’ आणि स्त्री ‘विरिनो’. वडील ‘पात्रो’ आणि आई ‘पात्रिनो’, म्हणजे वडिलांना स्त्रीप्रत्यय लावून बनलेली. ज्या व्यक्तीच्या शरीरातून प्रत्येक माणूस जन्माला येतो तिला स्वतःचा धातू नाही. लॅटिनमधून घेतलेला धातू हा एका शब्दापुरता दोष आहे. हा मात्र रीतीतला दोष आहे आणि रीत त्याची पैदास करत राहते. भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, काका-काकू, सगळीकडे तेच. १९०७ साली लुई कुतुरा आणि इतरांनी एस्पेरांतोत सुधारणा म्हणून ईदो काढली. तिने ‘कोर्पो’ला हात लावला नाही, तो शब्द दोन्ही भाषांत अगदी सारखा आहे. पण आईला तिने ‘मात्रो’ हा स्वतंत्र धातू दिला. ईदोवाल्यांशी एस्पेरांतोवाल्यांचं भांडण फार कडवट झालं, घरं फुटावीत तसं. त्या भांडणाच्या धुरळ्यात ईदोची ही गोष्ट बरोबर होती हे म्हणायचं राहून गेलं. एस्पेरांतोच्या युरोपीयपणावर लिहिणारे ‘कोर्पो’वर जेवढी शाई खर्च करतात, तेवढी त्यांनी ‘पात्रिनो’वर करावी असं मला वाटतं. उच्चारांचंही तसंच. ‘र्प’ एक वेळ चालेल, पण विज्ञानाला ‘स्त्सिएन्त्सो’ म्हणायला लावणं कोणत्याही खंडातल्या माणसाच्या सोयीचं नाही.

आणखी एक आक्षेप येतो, आणि तो साहित्यावर प्रेम करणाऱ्यांकडून येतो. ‘कोर्पो’ हा पातळ शब्द आहे, म्हणे. त्याला रक्त नाही. आपल्या ‘अंग’कडे पाहा. अंगाला लागतं, अंगलट येतं, अंगावर येतं, अंगवळणी पडतं, अंग काढून घेतलं जातं. ‘देह’ म्हटला की त्यात मातीचा लेप येतो, कारण ज्या ‘दिह्’ धातूपासून तो निघाला त्याचा अर्थच लिंपणं, माखणं. शरीर आजारी पडतं, देह ठेवला जातो, काया झिजते. या छटा ‘कोर्पो’त नाहीत, हे मान्य.

पण मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाच्या जागी क्षणभर बसा. ‘अंग काढून घेणं’ म्हणजे जबाबदारी टाळणं, हे त्याला शब्दांवरून कसं कळावं? आमच्या भाषेची ही श्रीमंती त्याच्यासाठी कुलूप आहे. घरच्या माणसांनी घरात तसं बोलावं, मी मरेपर्यंत तसंच बोलेन. पण दोन अनोळखी माणसांना जिथे समान पायरीवर बसायचं आहे, तिथे शब्द पातळ असणं हा मला दोष वाटत नाही. शिवाय एस्पेरांतोत जिथे फरक हवा तिथे तो केलेला आहे. जिवंत मांस म्हणजे ‘कार्नो’ आणि ताटातलं मांस म्हणजे ‘विआन्दो’. जर्मनमध्ये या दोन्हींना एकच शब्द आहे. प्रेत म्हणजे ‘कादाव्रो’, सैन्याचं दल म्हणजे ‘कोर्पुसो’. फ्रेंचमध्ये शरीर, प्रेत आणि दल या तिन्हींना तोच ‘कोर’ चालतो. गणितातली गंमतही ध्यानात घ्यावी. बेरीज-गुणाकाराच्या विशिष्ट नियमांनी बांधलेल्या संख्यासमूहाला जर्मन आणि फ्रेंच गणिती ‘शरीर’ म्हणतात आणि इंग्रजी गणिती ‘क्षेत्र’. म्हणजे शब्दाबरोबर अर्थांचं जे गाठोडं येतं तेही प्रत्येक भाषेत निराळं, आणि सामाईक भाषेला ते सोडून एकेक अर्थ पारखूनच घ्यावा लागतो.

आता भाषांतराची यंत्रं खिशात आली, मग हा सगळा खटाटोप कशाला, असं विचारणारेही आहेत. ती यंत्रं मी रोज वापरते आणि त्यांच्याबद्दल कृतज्ञ आहे. पण यंत्र माझं म्हणणं दुसऱ्याच्या भाषेत पोचवतं तेव्हा मी तिथे नसते. ते कसं पोचलं, काय गळालं, हे मला कळत नाही. ‘कोर्पोलिंग्वो’ म्हणताना मी तिथे होते.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय मला लेख संपवता येणार नाही. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाचे उपमहासचिव इनाझो नितोबे प्रागच्या एस्पेरांतो अधिवेशनाला जाऊन आले आणि त्यांनी या भाषेबद्दल अनुकूल अहवाल दिला. जपानी माणूस, ‘कोर्पो’शी कसलंच नातं नसलेला. त्याला ती भाषा न्याय्य वाटली. पुढे राष्ट्रसंघात या विषयाला सर्वांत कडवा विरोध केला तो फ्रान्सने, आणि १९२२ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी आपल्या शाळांत एस्पेरांतो शिकवायला मनाई केली. ज्यांच्या पूर्वजांच्या भाषेतून शब्द घेतले त्यांनीच दार लावलं. ‘कोर्पो’ फ्रान्सच्या सत्तेचा वाहक असता तर फ्रान्सने त्याला अडवलं नसतं. ज्यांच्या हाती भाषिक सत्ता होती त्यांना अचूक कळलं होतं, की इथे शब्द त्यांचा असला तरी मालकी त्यांची उरत नाही.

नंतर जे घडलं ते याहून फार वाईट. हिटलरने आपल्या पुस्तकात या भाषेला ज्यूंचं कारस्थान ठरवलं. स्टालिनच्या राजवटीत १९३७–३८ मध्ये एस्पेरांतो बोलणाऱ्यांना हेर म्हणून पकडलं, मारलं. झामेनहोफ यांचा मुलगा आदाम, वडिलांसारखाच डोळ्यांचा डॉक्टर, त्याला नाझींनी १९४० च्या जानेवारीत वॉर्साजवळच्या पाल्मिरीत गोळ्या घातल्या. सोफिया आणि लिदिया या त्याच्या बहिणी १९४२ मध्ये त्रेब्लिंकाच्या छावणीत मारल्या गेल्या. लिदिया देशोदेशी जाऊन एस्पेरांतो शिकवत असे. नवशिक्यांना समोर बसवायचं, वस्तू दाखवायच्या, कृती करायच्या आणि त्यांची मातृभाषा मध्ये न आणता बोलतं करायचं, अशी तिची रीत. त्या रीतीच्या वर्गात शरीराचे शब्द फार लवकर येतात, कारण दाखवायला वेगळं काही आणावं लागत नाही. शिक्षक स्वतःच्या डोक्याला हात लावतो, ‘कापो’. हात वर करतो, ‘मानो’. मग दोन्ही हातांनी स्वतःकडे, डोक्यापासून पायापर्यंत दाखवतो आणि वर्गाकडे पाहत थांबतो.